कोटेशनमध्ये 'वेब इंटिग्रेशन' लिहिलं तर त्यात नेमकं काय धरायचं?

नवखा_डेव्ह: ग्राहकाची मागणी एका ओळीची: 'साइटला पेमेंट आणि टॅली जोडून द्या, वेब इंटिग्रेशन.' एपीआय, वेबहुक, प्लगइन, एम्बेड हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. फरक काय, आणि तास कशाचे लावायचे?

बॅकेंडवाला: इंटिग्रेशन हे काम, बाकीची साधनं. दोन यंत्रणांत माहिती आपोआप जावी-यावी आणि एक अडखळली तरी दोन्हीकडचा हिशेब जुळावा, हे ते काम. गुगल मॅप आयफ्रेममध्ये (पानातल्या चौकटीत दुसरं पान) टाकणं म्हणजे नुसतं एम्बेड. तुमच्या डेटाबेसला त्याचा पत्ताही नसतो. एपीआयमध्ये आपण विचारायचं, वेबहुकमध्ये समोरचा येऊन सांगतो. प्लगइन म्हणजे हेच कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं.

रेझरपे घ्या, ऑनलाइन पैसे घेणारी पेमेंट गेटवे सेवा. आधी सर्व्हरवर ऑर्डर तयार करायची, रक्कम पैशांत: ५०० रुपयांना ५००००. (नुसतं ५०० पाठवलं तर पाच रुपयांत माल गेला.) पेमेंटनंतर ब्राउझरकडे ऑर्डर आयडी, पेमेंट आयडी आणि सिग्नेचर (माहिती खरी असल्याची खूण) येते. दोन्ही आयडींच्या मध्ये '|' घालून ते जोडा, की-सीक्रेटने (रेझरपेने दिलेली गुप्त किल्ली) एचमॅक-एसएचए२५६, म्हणजे त्या किल्लीने काढलेला ठसा, काढा, सिग्नेचरशी ताडून पाहा. ऑर्डर आयडी मात्र आपल्या डेटाबेसमधला घ्या, ब्राउझरने दिलेला नको. बरेच जण इथेच थांबतात. मग गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे भरून टॅब बंद केला, की पैसे जमा आणि ऑर्डर 'पेंडिंग'. वेबहुक हवाच.

रात्रपाळी: वेबहुकचं सीक्रेट वेगळं असतं, की-सीक्रेट तिथे चालत नाही. सिग्नेचर आलेल्या कच्च्या बॉडीवरच (जशाच्या तशा मजकुरावर) तपासा. तो जेसॉन मजकूर पार्स करून (तोडून वाचून) पुन्हा स्ट्रिंग केलंत की एखादी स्पेस बदलते आणि काही केल्या जुळत नाही. एकच इव्हेंट (वेबहुकने कळवलेली घटना) दोनदाही येतो, म्हणून इव्हेंट आयडी साठवा. आधी २०० (म्हणजे 'मिळालं') हा कोड परत करा, बिल-मेलची कामं रांगेत टाका.

खतावणी: टॅलीचं गणित निराळं, खरे तास तिथेच जातात. टॅलीप्राइम (टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याची आत्ताची आवृत्ती) एचटीटीपीवर एक्सएमएल स्वरूपातली माहिती घेतं, पोर्ट सहसा ९०००. पण ते दुकानातल्या पीसीवर चालतं, साइटचा सर्व्हर राउटरच्या पलीकडून तिथे पोचत नाही. पण म्हणून पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. पीसीवर छोटा प्रोग्राम ठेवा; दर ५ मिनिटांनी साइटवरच्या नव्या ऑर्डरी त्यानेच आणायच्या आणि टॅलीत व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकायचं. टॅली बंद असेल तर ऑर्डर साइटवरच थांबली पाहिजे. लेजरचं (खात्याचं) नावही टॅलीत आहे तसंच हवं, नाहीतर व्हाउचर पडत नाही.

नवखा_डेव्ह: म्हणजे कोटेशनमध्ये पेमेंट आणि टॅली या दोन वेगळ्या ओळी.

खतावणी: तीन. लेजर जुळवून घ्यायची तिसरी.