हाय स्टेक्स पोकर टूर्नामेंटमधली भांडणं खरी असतात की कॅमेऱ्यासाठी?

निशाचर

हल्ली रात्री झोप येत नाही म्हणून पोकरच्या हाय रोलर, म्हणजे प्रचंड एंट्री फीवाल्या, टूर्नामेंटचे व्हिडिओ बघायची सवय लागलीये. नियम बऱ्यापैकी कळतात, ब्लाइंड्स आणि अँटी (पत्ते खेळायच्या आधी सक्तीने लावायच्या चिप्स), ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) वगैरे, पण ही माणसं एकमेकांशी वागतात कशी ते काही झेपत नाही राव. एक जण हरल्यावर उभा राहून पाच मिनिटं शिव्या घालतो, दुसरा ट्विटरवर कुणाला तरी चोर म्हणतो, आणि पुढच्याच आठवड्यात दोघं शेजारी शेजारी बसून हसत खेळताना दिसतात. त्यात परवा कॉमेंटेटर बोलता बोलता म्हणाला की या दोघांचा एकमेकांत हिस्सा आहे. म्हणजे शत्रूच्या जिंकण्यात तुझे पैसे?? मग ते वैर कसलं? आणि दुसरं, बडबड आणि टाइमपास करून समोरच्याला वात आणणं याला काही नियम आहे की नाही? जाणकारांनी जरा उजेड पाडा.

जुना_डाव

पहिला नंबर फिल हेल्म्युथचा लावू, कारण तू ज्याला उभं राहून शिव्या देताना बघितलंयस तो बहुतेक तोच असणार :)

या बाबाने १९८९ मध्ये २४ व्या वर्षी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा, जिंकली, तीही जॉनी चॅनला हरवून. चॅन १९८७ आणि १९८८ लागोपाठ जिंकलेला आणि सलग तिसऱ्यांदा जिंकायच्या बेतात होता. शेवटच्या हातात हेल्म्युथकडे नव्वीची जोडी आणि चॅनकडे एक्का-सत्ती. तेव्हापासून हेल्म्युथच्या डोक्यात पक्कं बसलंय की मी हरलो म्हणजे समोरचा गाढव असल्यामुळेच हरलो. २०२१ ला तर एका फायनल टेबलवर हरायला लागल्यावर हे ठिकाण जाळून टाकीन इथपर्यंत गाडी गेली, मग माफी मागितली, आणि त्याच सिरीजमध्ये १६वं ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजची स्पर्धा जिंकल्याचं कडं) घेऊन गेला. २०२३ ला १७वं. एवढी कुणाकडेच नाहीत.

नाटक आहे का? माझ्या मते राग शंभर टक्के खरा आहे, फक्त त्याला आता कळून चुकलंय की हा राग विकला जातो, त्यामुळे तो आवरायची मेहनत घेत नाही. २०१८ च्या मेन इव्हेंटमध्ये त्याने भलत्याच वेळी तोंड उघडलं आणि त्यामुळे दुसऱ्याच एका खेळाडूचा निर्णय हलला, तो बिचारा बाहेर गेला. नंतर हेल्म्युथने त्याची पुढच्या वर्षीची १०,००० डॉलरची एंट्री भरायची तयारी दाखवली. नुसतं नाटक असतं तर इतका महागडा पश्चात्ताप कोण करेल?

रिव्हरराणी

जुना_डाव यांच्याशी अर्धी सहमत. हेल्म्युथ हे वैर नाहीच मुळी, तो आवाज आहे. आरडाओरडा करणाऱ्याला या सर्किटमध्ये कुणी घाबरत नाही. खरी दुश्मनी पैशावरून आणि विश्वासावरून होते, आणि ती बऱ्याचदा कॅमेऱ्यावर दिसतही नाही.

आता तुझा हिस्सेदारीचा प्रश्न. एक लाख डॉलरच्या टूर्नामेंटमध्ये बसलेला प्रो स्वतःच्या खिशातून पूर्ण एक लाख भरतोच असं अजिबात नाही. तो आपली 'अॅक्शन' विकतो, म्हणजे समज ६० टक्के बाहेरच्या लोकांनी भरले, ४० त्याचे. शिवाय स्वॅप असतात. तू आणि मी १० टक्के स्वॅप केले तर तुला दहा लाख मिळाल्यावर मला एक लाख, आणि मला मिळाले तर तुला. का करतात? कारण एंट्री प्रचंड, खेळाडू थोडे, आणि चांगला खेळाडूसुद्धा महिनोन्‌महिने काही न जिंकता राहू शकतो. चढउतार सपाट करायची ही व्यवस्था आहे. आणि फिल्ड, म्हणजे खेळणाऱ्यांची संख्या, किती छोटं असतं बघ, २०१२ ला दहा लाख डॉलर एंट्रीची बिग वन फॉर वन ड्रॉप झाली त्यात फक्त ४८ जण होते, अँटोनियो एस्फांदियारी १ कोटी ८३ लाख डॉलर घेऊन गेला. वर्षभर फिरून फिरून तीच ती तोंडं समोर. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच टेबलावर तुझं पोट.

पण मग घोळ इथेच सुरू होतो. फायनल टेबलवर तिघं उरलेत, त्यातल्या दोघांचा स्वॅप आहे आणि तिसऱ्याला ते माहीत नाही. एकाने दुसऱ्याविरुद्ध मऊ खेळ केला, चांगला हात असून रेझ केला नाही म्हणजे बोली वाढवली नाही, तर तिसऱ्याचं नुकसान. सॉफ्ट प्ले नियमाने बंद आहे पण सिद्ध करायचं कसं? पत्ते बघून फोल्ड मारला, म्हणजे हात टाकून दिला, एवढंच दिसतं. म्हणून मग ट्विटरवर उखाळ्यापाखाळ्या निघतात.

फ्लोअरला_बोलवा

मी काही वर्षं टूर्नामेंटमध्ये डीलर होतो, त्यामुळे बडबड आणि टाइमपासवर मी बोलतो.

पहिली गोष्ट, वेळ काढणं हा नुसता चावटपणा नसतो, त्यात पैसा असतो. बबल जवळ आला की, म्हणजे अजून एक-दोन जण गेले की उरलेल्या सगळ्यांना पैसे, छोटे स्टॅकवाले, म्हणजे कमी चिप्स उरलेले, मुद्दाम दुर्री-सत्तीवर पण विचार करत बसतात. का, तर दुसऱ्या टेबलवर तोवर कुणीतरी जाईल. तुमच्या टेबलावर तासाला निम्मेच हात झाले, तिकडे ब्लाइंड्स घड्याळाप्रमाणे वाढतच राहतात, म्हणजे मोठा स्टॅक असलेल्याचं सरळ नुकसान. म्हणून त्या क्षणाला हात-हात मिळवून खेळवतात, सगळ्या टेबलांवर एक हात संपेपर्यंत पुढचा वाटायचाच नाही. आणि आता बहुतेक हाय रोलरमध्ये शॉट क्लॉक असतो, साधारण ३० सेकंद, वर थोडी टाइम बँकची कार्डं. संपली की हात मेला. अर्धी भांडणं या घड्याळानेच मिटवली असं माझं प्रामाणिक मत.

जिथे घड्याळ नव्हतं तिथे काय व्हायचं ते बघायचं असेल तर २०१६ ची मेन इव्हेंट बघ, विल कॅसूफ. इंग्लंडचा, वकिलीचं शिक्षण घेतलेला, हात चालू असताना अखंड बोलायचा. स्टेसी मॅट्युसनविरुद्ध त्याच्या हातात सगळ्यात मोठं पान नव्वी, म्हणजे काहीच नाही, आणि तिच्याकडे राणीची जोडी. इतका बोलला, इतका बोलला की तिने शेवटी जोडी टाकली, आणि मग यानं पत्ते उघडून मिरवलं. ब्लफ म्हणून जबरदस्त होता हे मान्यच करायला लागतं. पण ताकीद झाली, पेनल्टी झाली, तरी गडी गप्प बसेना. १७ जण उरलेले असताना ग्रिफिन बेंगरशी जुंपली. बेंगर आधी शांत होता, मग फुटला आणि तोंडावर सांगितलं की हे बोलणं नाही, हा छळ आहे. पत्ते उघडले तर कॅसूफकडे राजाची जोडी आणि बेंगरकडे एक्क्याची! कॅसूफ बाहेर, अख्खा हॉल टाळ्या वाजवतोय. डीलर म्हणून सांगतो, अशा टेबलावर पत्ते वाटणाऱ्याची काय अवस्था होते ते कुणी विचारत नाही. दोन्ही बाजूंनी तुझ्याकडेच बघतात, आणि तू फक्त "फ्लोअर!" एवढं ओरडून टूर्नामेंटच्या पंचाला बोलावू शकतोस.

निशाचर

हा कॅसूफवाला हात आत्ता बघितला, बाप रे. राजाची जोडी एक्क्याला लागणं म्हणजे त्यात दोष कुणाचाच नाही ना पण, कुणीही ऑल-इन गेला असता?

फ्लोअरला_बोलवा

हो, पत्त्यांचाच खेळ झाला तो, बोलण्याचा त्यात काडीचा संबंध नाही. लोकांना न्याय झाल्यासारखं वाटलं इतकंच. बाय द वे २०२५ ला पण तो मेन इव्हेंटमध्ये ३३व्या नंबरपर्यंत गेला आणि वागणं तेच, बाहेर पडल्यावर उरलेल्या सिरीजसाठी बंदीच घातली त्याच्यावर.

पत्ताचोर

सगळं स्क्रिप्टेड आहे मित्रांनो. स्ट्रीमला व्ह्यूज पाहिजेत, बस्स. आयोजक स्वतःच आगीत तेल ओततात.

जुना_डाव

@पत्ताचोर, आयोजक तेल ओततात हे खरं, पण काडी त्यांनी लावलेली नसते. डग पोल्क आणि डॅनियल नेग्रॅनू हे दोन नावाजलेले प्रो घे. नेग्रॅनू तेव्हा एका मोठ्या साइटचा चेहरा होता आणि रेक, म्हणजे साइट प्रत्येक पॉटमधून कापते ते कमिशन, जास्त असलं तर नवख्यांसाठी बरं अशा अर्थाचं काहीतरी बोलून बसला. पोल्कने ते धरूनच ठेवलं. त्यावर व्हिडिओ, २०१८ ला वर्ल्ड सिरीज चालू असताना लास वेगासमध्ये ती जिथे होती त्या रिओ कसिनोच्या बाहेर चक्क होर्डिंग, आणि ३,००,००० डॉलर एंट्रीच्या सुपर हाय रोलर बोलमध्ये त्याच वाक्याचा टीशर्ट घालून हजर. नेग्रॅनू त्या टूर्नामेंटमध्ये दुसरा आला, जस्टिन बोनोमोने ५० लाख नेले, याला ३० लाख.

शेवटी पोल्कने आव्हान दिलं आणि नेग्रॅनूने घेतलं. नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१, हेड्स-अप म्हणजे फक्त दोघांत २५,००० हात, ब्लाइंड्स २००/४०० डॉलर. पहिले २०० हात प्रत्यक्ष टेबलवर झाले त्यात नेग्रॅनू पुढे, मग ऑनलाइन गेले आणि पोल्कने हळूहळू पिळला. एकूण साधारण १२ लाख डॉलर. हेड्स-अप हा पोल्कचा घरचा अभ्यास, नेग्रॅनूला माहीत होतं तो अंडरडॉग आहे, तरी पूर्ण २५,००० खेळला, मध्ये सोडला नाही. माझ्या मनात तरी त्याची किंमत तिथे वाढली. आणि इतके हात एकमेकांचं डोकं वाचण्यात घालवल्यावर दोघांची भाषाच बदलली, शेवटी कौतुक वगैरे. हे कुठला स्क्रिप्टवाला लिहिणार?

रिव्हरराणी

आणि सगळ्यात मोठा ड्रामा बोलण्याने होतोच असं नाही, न बोलण्यानेही होतो. २०१४ च्या वन ड्रॉपमध्ये डॅन कोलमनने हेड्स-अपमध्ये याच नेग्रॅनूला हरवलं, दीड कोटीच्या वर डॉलर, आणि मुलाखत द्यायला नकार. ना हसला ना काही. नंतर लिहिलं की हा खेळ बहुतेकांचं नुकसानच करतो, त्याची जाहिरात मला करायची नाही. अर्धं सर्किट खवळलं, की खेळाने एवढं दिलं आणि हा असं बोलतो. नेग्रॅनूने मात्र सांभाळून घेतलं होतं असं आठवतंय.

@पत्ताचोर, अजून एक. उलट हल्ली प्रो लोक तोंड सांभाळूनच असतात. ट्रायटन या हाय रोलर मालिकेच्या इन्व्हिटेशनल प्रकारात श्रीमंत हौशी खेळाडू स्वतःबरोबर एका प्रोला बोलावतो. २०१९ ला लंडनला १०,५०,००० पौंड एंट्रीची झाली ती अशीच. आता ज्याने टेबलावर हौशी माणसाचा अपमान केला त्याला कोण बोलावणार? त्यामुळे आमंत्रण कुणाला आणि कुणाला नाही यावरून आतल्या आत जी धुसफूस असते ती कॅमेऱ्यावरच्या भांडणापेक्षा जास्त कडवट. फक्त ती कुणी उघड बोलत नाही, कारण बोलला की पुढचं आमंत्रण गेलं.

निशाचर

समजलं बऱ्यापैकी. पण मग संगनमत पकडलं जातं का कधी? की नुसतेच आरोप?

फ्लोअरला_बोलवा

आरोपच जास्त. २०२२ चं गुलाम-चौकीचं प्रकरण घे, टूर्नामेंट नव्हती, कॅश गेम म्हणजे थेट पैशांचा खेळ होता. रॉबी ल्यू या बाईने गुलाम-चौकीवर, म्हणजे हातात जवळपास काही नसताना, गॅरेट अॅडेलस्टाइनचा ऑल-इन कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले, आणि २ लाख ६९ हजार डॉलरचा पॉट जिंकला. तो म्हणाला फसवणूक, तिने आरोप फेटाळला पण १ लाख ३५ हजार परत दिले, महिनोन्‌महिने चौकशी चालली आणि फसवणुकीचा पुरावा काही सापडला नाही. एखाद्याने फक्त विचित्र कॉल केला म्हणून त्याला चोर ठरवायचं का, यावर लोक अजून भांडतायत.

टूर्नामेंटमधलं म्हणशील तर २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधली मिलियनेअर मेकर. १,५०० डॉलर एंट्री. शेवटी दोघं उरले, जेसी यागिनुमा आणि जेम्स कॅरोल. यागिनुमा जिंकला तर त्याला एका वेगळ्या साइटच्या प्रमोशनचे दहा लाख डॉलर वरून मिळणार होते, कॅरोलला नाही. कॅरोलकडे चिप्स जवळपास नऊपट, आणि मग असे असे फोल्ड पडायला लागले की बघणारे डोकं खाजवायला लागले. यागिनुमा जिंकला. आयोजकांनी चौकशी केली, कुणालाच विजेता ठरवलं नाही, ब्रेसलेट दिलं नाही आणि उरलेली रक्कम दोघांत सारखी वाटून टाकली.

यात गंमत बघ, टेबलावर भांडण शून्य. दोघं अगदी गुण्यागोविंदाने खेळत होते.

पत्ताचोर

म्हणजे भांडतायत तोवर आपण निवांत बघायचं असं म्हणा की 😄

रिव्हरराणी

तसं सरसकट नको, भांडणारेही स्वॅप करतातच की. निशाचर, पुढच्या वेळी फायनल टेबल बघशील तेव्हा शेवटचे तिघं उरले की मधल्या स्टॅकवाल्यावर नजर ठेव. छोटा स्टॅक आधी जावा म्हणून तो चांगले चांगले हात टाकतो, ते पैशाच्या पायऱ्यांमुळे (एक जण गेला की उरलेल्यांचं बक्षीस वाढतं) बरोबरच असतं, त्याला लगेच संगनमत समजू नकोस. पण मोठा स्टॅक एकालाच त्रास देतोय आणि दुसऱ्याचे ब्लाइंड्स सोडून देतोय असं चार-पाचदा दिसलं तर तो हात इथे लिहून टाक, बघू सगळे मिळून.