पर्मनंट नोकरी सोडून फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्टिंग करायचं आहे, नोटीस नेमकी केव्हा टाकू?

मनीषनगर_जावा:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे, जावा बॅकएंड, एकूण ९ वर्षांचा अनुभव, या कंपनीत ४ वर्ष ७ महिने झाले. माझा जुना मॅनेजर आता जर्मनीत आहे, तो म्हणून राहिला की कॉन्ट्रॅक्टवर ये, महिन्याला साधारण अडीच लाख पडतील, करार ६ महिन्यांचा, काम जमलं तर पुढे वाढवू. सध्या हातात ९२ हजार येतात, म्हणजे फरक मोठा आहे आणि काम पण मला आवडणारं आहे. पण घरी बाबा रिटायर, आईला शुगर आणि बीपी, दोघंही कंपनीच्या मेडिक्लेममध्ये. मुलगी ३ वर्षांची. बेसा रोडला फ्लॅट पाहून राहिलो ते वेगळंच. सेव्हिंग म्हणाल तं ७ महिन्यांचा घरखर्च निघेल एवढं. नोटीस पिरियड ९० दिवस, तिकडचे ३-४ महिने थांबायला तयार आहेत. आज रात्री मेल टाकून द्यावा असं वाटते आणि सकाळी आईच्या गोळ्या आणायला गेलो की पुन्हा विचार बदलतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, तुम्ही वेळ कशी ठरवली?

त्रिमूर्तीनगरची_टेस्टर:
भाऊ, मी ६ वर्षांपासून कॉन्ट्रॅक्टवर आहे, सोडू नको असं म्हणणार नाही, पण आज मेल टाकू नको. आज टाकला तर ९० दिवस धरून तुझी सर्व्हिस ४ वर्ष १० महिने होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, ५ वर्षांवर लागते. ४ वर्ष २४० दिवस चालतात असं मद्रास हायकोर्टाने धरलंय, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत आणि जाता जाता एचआरशी भांडत कशाला बसायचं. बेसिक ५२ हजार धर, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे ३० हजार, ५ वर्षांचे दीड लाख. दोन महिने थांबून मिळतात तर सोडू नको ना ते. पीएफही सलग ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, जुन्या कंपनीचा पीएफ इकडे ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही त्यात धरतात, अर्थात मी म्हणेन तो काढूच नको.

आणि आईचं आधी पाहा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी हे उशिरा केलं, राजीनामा दिल्यावर पॉलिसी शोधायला लागले तेव्हा जुन्या आजाराला ३ वर्ष वेटिंग सांगितलं, तेवढ्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, सगळे पैसे घरातून गेले. तू आतापासूनच वेगळी पॉलिसी घेऊन टाक म्हणजे वेटिंगचं मीटर सुरू होईल. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, ते नोकरीत असतानाच लेखी विचार, नोकरी गेल्यावर कोणी फोन उचलत नाही.

फ्लॅट खरंच घ्यायचा असेल तर लोन आत्ता सॅलरी स्लिपवर कर. नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. पण ईएमआय डोक्यावर घेऊन पहिलंच कॉन्ट्रॅक्ट सुरू करायचं का हे घरी बसून ठरवा, मी तरी नसतं केलं.

सदर_डेव्हऑप्स:
मी एकाच क्लायंटच्या भरवशावर निघालो होतो. आठ महिने मस्त गेले, मग त्यांचं बजेट कापलं, दोन आठवड्यांची नोटीस, आणि शेवटचं इन्व्हॉइस ७० दिवसांनी पास झालं. पुढचं काम मिळायला साडेचार महिने लागले कारण त्या आठ महिन्यांत मी दुसऱ्या कोणाशी बोललोच नव्हतो. तुझ्या केसमध्ये मला ६ महिन्यांपेक्षा करार मोडायची अट जास्त महत्त्वाची वाटते. किमान ३० दिवसांची नोटीस आणि इन्व्हॉइस दिल्यापासून किती दिवसांत पैसे, हे दोन्ही लिहून घे. मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून लाजू नको, सही तो नाही, त्याची कंपनी करते. आणि ७ महिन्यांचं सेव्हिंग मोजताना मेडिक्लेमचा हप्ता, लॅपटॉप, इन्व्हर्टर, एप्रिल-मे महिन्यात दिवसभर चालणारा कूलर हे सगळं धरलंय का? घरून काम म्हणजे नागपुरात विजेचं बिल वेगळंच येते.

अंबाझरी_अँड्रॉइड:
वरच्यांशी अर्धाच सहमत. सगळं जमेपर्यंत थांबायचं म्हटलं तर वय निघून जाते, मी चार वर्ष असाच थांबलो, दरवेळी अप्रेझल, बोनस, दिवाळी काहीतरी असायचंच. नोकरी करता करता दुसरा क्लायंट शोध म्हणणं सोपं आहे, पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरचं काम करायला मनाई असते, ते मोडून काही करू नको, कोडच्या मालकीवरून नंतर त्रास होतो. ओळखी वाढवायला मनाई नाही, तेवढं कर. दीड लाखासाठी थांब, पण तारीख ठरवून थांब.

शंकरनगर_अकाउंट्स:
टॅक्सचं सांगतो, स्वतःच्या सीएला विचारूनच पुढे जा. अडीच लाखाने वर्षाचे ३० लाख होतात. १९६१ च्या कायद्यातल्या ४४ एडीए कलमाखाली (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्यात कलम ५८) निम्मी रक्कम उत्पन्न धरून टॅक्स भरता येतो, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असले तर ७५ लाखांपर्यंत. म्हणजे १५ लाखांवर टॅक्स, नव्या रेजीममध्ये २०२५-२६ च्या स्लॅबने सेस धरून १,०९,२०० रुपये. ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदाच. सर्व्हिसची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, बाहेरच्या देशाचं काम एक्स्पोर्ट म्हणून एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरून विना जीएसटी करता येतं, पण एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवं भरावं लागतं, बरेच जण विसरतात. बँकेकडून प्रत्येक पेमेंटचं रेमिटन्स सर्टिफिकेट (बाहेरून पैसे आल्याचा दाखला) घेऊन ठेव. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सची स्वतःची एनरोलमेंट पण करावी लागते, वर्षाला २५०० रुपये.

मनीषनगर_जावा:
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल बायको आणि मी रात्री एक वाजेपर्यंत वही घेऊन बसलो होतो. आईबाबांच्या पॉलिसीचा फॉर्म या आठवड्यात भरून राहिलो, मेडिकल टेस्टची तारीख मिळाली. फ्लॅट सध्या थांबवला, बाबा थोडे नाराज आहेत पण ऐकतील. जर्मनीला फोन केला, अजून एक महिना द्या म्हटलं, पाच महिन्यांनी जॉइन होतो, तो म्हणाला चालते. ३० दिवसांच्या नोटीसची अट पण टाकायला तयार झाला, पैसे मात्र ४५ दिवसांत म्हणतात. ४५ जास्त आहेत का? की पहिल्या करारात एवढं चालवून घ्यावं?

सदर_डेव्हऑप्स:
इन्व्हॉइस दर १५ दिवसांनी देऊ द्या म्हण, मग ४५ चालतील.