चॉकलेट चिप कुकी: टोल हाऊसची जुनी रेसिपी की ब्राऊन बटरवाली नवी?

लोणीसाखर:
आम्ही बॉस्टनजवळ राहतो, डिसेंबरात लेकीच्या शाळेत कुकी एक्सचेंज आहे, म्हणजे सगळ्यांनी घरच्या कुकीज आणून आपसात वाटायच्या. मी नेहमी चिप्सच्या पिवळ्या पाकिटामागची टोल हाऊस रेसिपी करते, पातळ आणि कडेला कुरकुरीत होतात, घरी सगळ्यांना आवडतात. पण इथल्या मैत्रिणी म्हणतात ती जुनी झाली, आता बटर ब्राऊन करायचं, डो (कुकीचं मळलेलं पीठ) दीड दिवस फ्रिजमध्ये ठेवायचा, वरून जाडं मीठ भुरभुरायचं. जिन्नस तर तेच आहेत ना, मग खरंच एवढा फरक पडतो का आणि पडत असेल तर कशाने?

व्हॅनिलाथेंब:
पडतो, पण त्यातलं सगळंच नवीन नाही. ही कुकी पहिल्यांदा करणाऱ्या रूथ वेकफील्डबाईंचं टोल हाऊस इन हे हॉटेल तुमच्याच भागात, व्हिटमनला होतं. त्यांची १९३०च्या दशकातली रेसिपी बघा, १ कप बटर, पाऊण कप पांढरी आणि पाऊण कप ब्राऊन शुगर, २ अंडी, सव्वादोन कप मैदा, सोडा चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, आणि चिप्सऐवजी सेमीस्वीट चॉकलेटचे बार वाटाण्याएवढे तोडून. डो अर्ध्या अर्ध्या टीस्पूनने ट्रेवर सोडायचा, त्या मापात १०० कुकीज होतात! म्हणजे मूळची कुकी एका घासाची आणि कुरकुरीत, हल्लीची हाताएवढी मऊ कुकी ही वेगळीच गोष्ट आहे. आणि डो रात्रभर थंड करायचं वेकफील्डबाईंनीसुद्धा लिहून ठेवलंय, पाकिटावर येईपर्यंत ते गळलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.

बेरीवाली:
+१. २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जी रेसिपी आली आणि जिच्यामुळे सगळे २४ ते ३६ तास थांबायला लागले त्यातही मुद्दा हाच. अंड्यातलं पाणी मैद्यात हळूहळू मुरतं कारण मैद्याला आधी बटर चिकटलेलं असतं, तेवढा वेळ दिला की डो घट्ट होतो, कमी पसरतो, रंग एकसारखा येतो आणि चवीला कॅरॅमलसारखी खोली येते. त्यात ब्रेड फ्लोअर (जास्त प्रथिनांचा मैदा) आणि केक फ्लोअर (कमी प्रथिनांचा) दोन्ही आहेत पण घरी साधा मैदा घेतलात तरी मुरवण्याचा फायदा मिळतोच.

ब्राऊन बटरचं मात्र नीट समजून घ्या. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, आपण तूप कढवतो तसं ते उडून जातं आणि खाली बेरी बसते, बेरीचा रंग खमंग बदामी झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, बेरीसकट, गाळायचं अजिबात नाही कारण चव सगळी तिच्यात आहे. पण १ कप बटरमागे दोन मोठे चमचे पाणी कमी झालं ना, जुन्या मापात नुसतं बटर बदललं तर डो कोरडा पडतो. म्हणून नव्या रेसिप्यांत माप बदललेलं असतं, कुठे थोडं बटर न कढवता घालतात, कुठे एक अंडं आणि वर एक नुसता बलक. दोन रेसिप्यांची सरमिसळ करू नका, कुठलीही एक पूर्ण पाळा.

ओटीजी_पुणे:
इथून करणाऱ्यांसाठी लिहिते. अमूलचं नेहमीचं बटर खारं असतं, ते वापरलं तर वरचं मीठ गाळा. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत ब्राऊन शुगर म्हणून कोरडी दाणेदार साखर मिळते, तिकडची ओलसर, दाबून मोजायची असते. तो ओलावा मोलॅसिसचा (साखर करताना उरणारी काळी मळी, काकवीसारखी), त्यानेच कुकी मध्ये मऊ राहते. मी १ कप साखरेला १ मोठा चमचा काकवी चोळून घेते, चव थोडी वेगळी येते पण पोत बरोबर जमतो. आणि चिप्सच्या पाकिटावर कंपाउंड लिहिलंय का बघा, त्यात कोको बटर नसतं, त्यापेक्षा साधा डार्क चॉकलेटचा बार सुरीने तोडलेला कितीतरी चांगला, आणि मुळात रेसिपी तीच होती.

लोणीसाखर:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! मग असं करू का, पाकिटावरचीच रेसिपी, बटर न कढवता, फक्त चिप्सऐवजी बार तोडून आणि डो रात्रभर ठेवून? गोठवलेल्यासारखा कडक झाला तर चमच्याने निघेल का?

व्हॅनिलाथेंब:
हो, तेच करा, मला स्वतःला तीच सगळ्यात जास्त आवडते. गोळे आदल्या रात्रीच करून ताटलीत झाकून ठेवा म्हणजे सकाळी झगडायला नको. ओव्हन ३७५ फॅरनहाइट, थंड गोळ्याला एखादं मिनिट जास्त लागेल, कडा सोनेरी आणि मध्य अजून ओलसर दिसतोय तेव्हाच बाहेर काढा, ट्रेवर राहूनच पुढची शिजते.