पहिला बोर्ड: रास्पबेरी पाय की ईएसपी३२? (खान्देशातल्या हौशींसाठी)

केळीचा_कंद (धागाकर्ता)
कॉलेजं सुरू झाली की आमच्या रावेर-यावलकडची पोरं हमखास विचारतात, "दादा, रास्पबेरी पाय घेऊ का?" (पाय म्हणजे लिनक्स ही प्रणाली चालवणारा तळहाताएवढा संगणक.) माझं उत्तर ठरलेलं: नको, आधी ईएसपी३२ घे, म्हणजे साधा कंट्रोलर बोर्ड.

पाय २०१२ साली ३५ डॉलरला आला तेव्हा त्याला तोड नव्हती. आता बोर्ड, बरा अडॅप्टर, मेमरी कार्ड, डबी असं सगळं धरलं की आकडा काही हजारांत जातो. २०२१-२२ च्या चिपटंचाईत तर पैसे मोजूनही मिळत नव्हता. ईएसपी३२ चार-पाचशेच्या आसपास येतो. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय-ब्लूटूथ आतच. विहिरीची पातळी, मोटार चालू की बंद, एवढ्यासाठी लिनक्स कशाला?

आणि जळाला तर दुसरा घ्यायला घरी तोंड वेंगाडावं लागत नाही. माझ्या लेखी हाच मोठा मुद्दा. महागाचा बोर्ड पोरं डब्यात जपून ठेवतात, तार लावायलाही घाबरतात. शिकणार कधी मग?

विरोध असेल तर बोला.

तापीकाठ
आहे. ईएसपीवर पोरगा काय शिकतो? कुठूनतरी स्केच (तयार प्रोग्रॅम) उचलायचं, वायफायचं नाव बदलायचं, एलईडी लुकलुकला की स्टेटस टाकायचं. पायवर टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) कळतं, पायथन येतं, डेटाबेस लावता येतो, सर्व्हर म्हणजे काय ते स्वतःच्या हाताने उभं करून बघता येतं. उद्या पुण्याला मुलाखतीत हेच विचारतात.

स्वस्तच हवा तर पाय झीरो २ डब्ल्यू आहे. २०२१ मध्ये १५ डॉलरला आला. चार कोअर, ५१२ एमबी रॅम.

लोडशेडिंग_आबा
मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवून बघ भाऊ. बाहेरच ४५. त्याची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की वेग आपोआप कमी करते. शिवाय शेतीच्या फीडरची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बोंबललं.

तापीकाठ
आबा, कार्डाचं जुनं रडगाणं आहे. पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, कार्डावर लिहिणंच बंद होतं. उन्हाचं मान्य, पण पाय शेडमध्ये ठेवा म्हटलं कोणी? घरात ठेवा.

जुना_सोल्डर
दोघंही चुकताय. नवख्याने अर्डुइनो ऊनो या साध्या बोर्डाचा क्लोन (नक्कल) घ्यावा, तोही सॉकेटमध्ये लांब पिनांची चिप असलेला. पोराने उलटसुलट तार जोडली आणि चिप गेली, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटायची, दुसरी एटीमेगा३२८पी बसवायची. बूटलोडर (चिपमध्ये आधी लागणारा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्या ऊनोवरून भरता येतो. ईएसपीची चिप अशी बदलून दाखवा.

अजून एक. ईएसपीच्या पिना ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि परत सिग्नलही ५ चाच देतो. मध्ये एक के आणि दोन के (के म्हणजे हजार ओम) रोधकांचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्ट कमी करणारी जोडणी, लावायची असते, हे पोरांना सांगतं कोण? ऊनोला थेट जोडा.

केळीचा_कंद
सोल्डरकाका, चिपचं एकदम मान्य. पण ऊनोत रॅम २ केबी आणि वायफाय नाही. दोन रोधक लावता येत नसतील तर छंदच बदलावा.

अहिराणी_भो
उघड्या डिझाइनचं, म्हणजे आतलं सर्किट-कोड सगळ्यांना बघता येण्याचं, कोणी बोलत नाही. पायचं पूर्ण सर्किट बाहेर नाही, बोर्ड सुरू करणारा आतला प्रोग्रॅमही (फर्मवेअर) बंद. ईएसपीच्या वायफायचा भाग तयार बायनरीच मिळतो, कोड दिसत नाही. बीगलबोन ब्लॅक या लिनक्सवाल्या बोर्डाचं सगळं डिझाइन उघडं आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेचा तेजस३२ चिपवरचा ॲरीज बोर्ड तर आपल्याच देशातला, आरआयएससी-व्ही या खुल्या चिप-रचनेचा, अर्डुइनोसारखाच प्रोग्रॅम करता येतो. पण अडलं तर विचारायला माणसं कमी. आणि बीगलबोन घ्यायचा तर आम्हना खान्देशमा इतला पैसा शे कोनाकडे?

स्टार्टरवाला_चोपडा
मी मोटारी रिवाइंड करतो, बोर्डातलं फार कळत नाही. पण हे निळे रिले (बोर्डाच्या हुकमावर चालणारे स्विच) घेऊन येणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. त्या रिलेवर २५० व्होल्ट छापलेलं असतं. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक ४१५ वर चालते. रिले सरळ तिथे जोडला की काँटॅक्ट चिकटतो, मग बंदचा हुकूम दिला तरी मोटार थांबत नाही. मध्ये वेगळा काँटॅक्टर (मोठा रिले) टाका, ज्याचे काँटॅक्ट ४१५ झेलतील आणि कॉइल मात्र निळ्या रिलेला झेपेल अशा व्होल्टेजची असेल. चालूसाठी हिरव्या बटणाला समांतर, बंदसाठी लाल बटणाच्या सिरीजमध्ये. आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) काढून "बोर्डच बघेल" असला शहाणपणा करू नका. बोर्ड अडकला तर वाइंडिंगचं बिल माझ्याकडे येतं, मला चालेल, तुम्हाला नाही चालणार.

दुसरं, विहिरीवर वायफाय आणणार कुठून? केळीच्या ओल्या पानांतून ते चार ओळी पार जात नाही. बरेच जण स्वस्त म्हणून सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल आणतात. ते टूजी. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे त्याचं सिम त्यात चालतच नाही.

केळीचा_कंद
स्टार्टरवाले दादा, +१. फोरजी मॉड्यूल घेतलं तर ते ईएसपीपेक्षा महाग पडतं, हेही खरं. म्हणून शेतात मी लोरा (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) म्हणतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे परवाना लागत नाही. मॉड्यूल घेताना तेवढं बघून घ्या, ४३३ वालं गळ्यात मारतात.

रच्याकने, बॅटरीवर चालवायचं तर डेव्हकिट (चिप बसवलेला तयार बोर्ड) तशीच लावू नका. चिप झोपली तरी वरचा रेग्युलेटर आणि लाल एलईडी खातच राहतात. १० मिलिअॅम्पिअर जरी गेले तरी २५०० मिलिअॅम्पिअर-तासांचा सेल दहा दिवसांत झोपतो. एलईडी उखडा, रेग्युलेटर बदला.

तापीकाठ
म्हणजे विहिरीवर ईएसपी, घरी डेटा घ्यायला पाय. जिंकलो की मी!

केळीचा_कंद
घरी माळ्यावरचा जुना लॅपटॉप. त्याच्यावर लिनक्स टाक, मॉस्किटो (बोर्डांचे निरोप घेणारा सर्व्हर) चालव, टर्मिनलही तिथेच शीक. पैसे शून्य आणि लाईट गेली तरी बॅटरी आहे.

लोडशेडिंग_आबा
माळ्यावरच्या लॅपटॉपची बॅटरी चांगली असती तर तो माळ्यावर गेला असता का रे?