कोयासान: चोइशिमिची पायवाट आणि मठातील मुक्काम यांची सांगड कशी घालावी? मदत हवी आहे

नमस्कार,

ऑक्टोबरअखेरीस आई-बाबांसह ओसाकाला जाणार असून तेथून वाकायामा प्रांतातील कोयासान येथे मुक्काम करण्याचा विचार आहे. कूकाई ऊर्फ कोबो दाइशी यांना 816 साली सम्राटाकडून हा डोंगर मिळाला आणि त्यांनी तेथे शिंगोन या वज्रयानी पंथाचे केंद्र उभारले, एवढा इतिहास वाचून झाला आहे. अडचण निराळीच आहे.

बाबा संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. कुदोयामा येथील जिसोनइन मंदिरापासून वर जाणाऱ्या चोइशिमिची या जुन्या यात्रामार्गावर साधारण 109 मीटरांच्या अंतराने 180 दगडी स्तंभ असून त्यांवर सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीतील बीजाक्षरे कोरलेली आहेत, हे कळल्यापासून संपूर्ण वाट चालायचीच, असा त्यांचा आग्रह आहे. ते नियमित सिंहगड चढतात, त्यामुळे दमाची चिंता नाही. परंतु सहा-सात तासांच्या या चालीत ते प्रत्येक स्तंभापाशी थांबणार, तिकडे त्या सुमारास सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो आणि मठांमध्ये रात्रीचे जेवणही साडेपाच-सहालाच वाढतात. कुदोयामाहून पहाटे निघावे, की अर्ध्याहून अधिक अंतर सोडून वाटेतल्या यादाते येथून चढावे? यादातेपासून वर साठच्या आसपास स्तंभ राहतात, असे दिसते.

आईचे गुडघे दुखतात. तिला गोकुराकुबाशीपर्यंत रेल्वेने, पुढे केबल कारने आणि वरच्या स्थानकापासून बसने न्यावे लागेल, कारण तो रस्ता पायी चालण्यासाठी खुला नाही. मात्र 1872 पर्यंत स्त्रियांना या क्षेत्रात प्रवेश नव्हता व त्या सीमेवरील न्योनिनदो या देवळातूनच नमस्कार करून डोंगरकडेने फिरत, हे ऐकल्यावर तिनेही त्या वाटेचा थोडा तरी भाग चालण्याचा हट्ट धरला आहे. (दोघांपैकी कोण अधिक हट्टी, हा वाद आमच्या घरी जुना आहे.) न्योनिनदोपासून बेंतेनदाके टेकडीवरून दाइमोन महाद्वाराकडे जाणारा टप्पा अशा गुडघ्यांना झेपेल का, की ओकुनोइन दफनभूमीतील देवदारांसारख्या उंच वृक्षांखालचा सुमारे दोन किलोमीटरांचा, बराचसा सपाट रस्ताच तिच्यासाठी पुरेसा मानावा?

जेवणाची चिंता जवळजवळ मिटली आहे. शोजिन र्योरी या मठातील आहारात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आईचा चातुर्मास सुखाने पाळला जाईल. बसण्या-झोपण्याचे मात्र काय करावे? बहुतेक ठिकाणी तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, गादी अंथरतात आणि जेवणाची ताटेही जमिनीलगत मांडतात. पलंग किंवा निदान खुर्ची देणाऱ्या शुकुबोमध्ये (मठातील अतिथिगृहात) आपल्यापैकी कोणी राहिले असल्यास कृपया त्याचे नाव कळवावे. पहाटेच्या प्रार्थनेला व होमाला, ज्याला तिथे गोमा म्हणतात, खुर्चीवर बसू देतात का, हेही सांगावे.

शेवटचा प्रश्न सामानाचा. मोठ्या बॅगा ओसाकातच ठेवून एका रात्रीपुरते वर जावे, की दोन रात्री राहून चालण्याचा दिवस मोकळा ठेवावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण मठांतील मुक्काम स्वस्त नसल्याने आरक्षण करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.