ताणण्याआधी पुलीची खाच बघा
गाडीवर बसवलेल्या कार्पेट धुण्याच्या मशीनचा बेल्ट ओरडला की ताण वाढवा असा सल्ला दिला जातो, तो नव्या बेल्टपुरता पटतो, कारण नवा बेल्ट पहिल्या काही तासांत सैल होतोच, तेव्हा परत एकदा ताणावा लागतो. पण दर वेळी ताणत बसू नका, जास्त ताणला तर ब्लोअरची (म्हणजे व्हॅक्यूम ओढणाऱ्या भागाची) आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंगं जातात.

आमच्या गाडीवरच्या मशीनच्या बेल्टच्या दोन जोड्या तीन महिन्यांत गेल्या. हिंजवडीत रात्री एका ऑफिसचं कार्पेट अर्धं ओलं असताना व्हॅक्यूमच बंद पडला. मग पुली, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो ते खाचेचं चाक, पुसून बॅटरी मारून बघितलं तर खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत! व्ही बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना पकड घेतो, तळाला टेकायलाच नको, टेकला म्हणजे खाच झिजलीय, मग कितीही ताणा, घसरणारच. पुली बदलली, दोन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरी लावून एका रेषेत आणल्या आणि बेल्टची जोडी एकदमच नवी टाकली, एक जुना ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो. आणि हो, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय तिथे हात घालू नका.