बेसा (नागपूर), १० बाय १५ फुटांचा हॉल: टीव्ही ५५ इंची घ्यायचा की ६५, आणि लावायचा कोणत्या भिंतीवर?

बेसाकर_ताई
नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात बेसाला नवीन फ्लॅटमध्ये आलो आणि जुना ३२ इंची टीव्ही या हॉलमध्ये टिकलीएवढा दिसून राहिला, म्हणून नवीन घ्यायचा आहे. हॉल पूर्व-पश्चिम १५ फूट, उत्तर-दक्षिण १० फूट. पश्चिमेला मोठी खिडकी, कूलर तिथेच बसणार. बिल्डरने टीव्हीचा पॉइंट दिला तो बरोब्बर खिडकीसमोर, पूर्वेच्या भिंतीवर, आणि तोही साडेपाच फुटावर! मिस्टर म्हणतात घ्यायचा तर ६५ च, बर्डीवरचा (सीताबर्डी बाजारातला) दुकानदार म्हणाला ५५ पुरे. सासूबाई दिवाणावर एका कडेला बसून मालिका बघतात, सासऱ्यांचं सकाळी सहापासून बातम्यांचं एकच चॅनल सुरू असतं. जुन्या घरी टीव्ही दाराच्या वर ठोकला होता, सासूबाईंची मान इतकी दुखायची की डॉक्टरकडे चकरा झाल्या, टीव्ही खाली घेतला तेव्हा कुठे त्यांना आराम पडला. म्हणून या वेळी नीट विचारूनच करायचं आहे. बजेट ५०-६० हजार. नागपूरच्याच कोणी सांगा, कारण यूट्यूबवर कूलरबद्दल कोणी बोलतच नाही.

त्रिमूर्तीनगर_२२
ताई, आधी भिंत ठरवा, इंच मग. पॉइंट आहे म्हणून पूर्वेला लावू नका. चार वाजले की पश्चिमेचं ऊन सरळ स्क्रीनवर येईल आणि चित्राच्या जागी तुम्हाला खिडकीच दिसेल, पडदे लावून लावून किती लावाल. पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर बाजूच्या खिडकीचा उजेड डोळ्यांवर, शिवाय ती बाहेरची भिंत, मे महिन्यात रात्री दहालाही हात लावून पाहा, गरमच असते. उत्तरेची भिंत घ्या, समोर दक्षिणेला सोफा. उजेड बाजूने येईल, त्याचा काही त्रास नाही.

आता माप. सोफ्यावर पाठ टेकून बसा आणि डोळ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावा, १० फुटाच्या हॉलमध्ये साडेसातच्या आसपास येईल. मी हिशोब असा करतो, टीव्हीच्या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट अंतर बसायला बरं. ५५ म्हणजे १४० सेंटीमीटर, दीडपट २१०, म्हणजे सातच्या किंचित खाली. तुमच्याकडे चपखल बसतो. ६५ फक्त सिनेमा आणि मॅचसाठी असता तर मीही मिस्टरांच्या बाजूने बोललो असतो. पण मालिका एसडी (साध्या, कमी बारकाव्याच्या) चॅनलवर बघत असाल तर त्या चित्रात ५७६ ओळी असतात आणि फोर केच्या (खूप बारकाव्याच्या) पॅनलवर २१६०, मधलं सगळं टीव्ही अंदाजाने भरतो. टीव्ही जितका मोठा आणि तुम्ही जितक्या जवळ, तितके चेहरे मेणाचे दिसतात. सेट टॉप बॉक्सचा पॅक एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) करून घ्या, बॉक्सही एचडीच आहे ना ते बघून.

उंचीचं म्हणाल तर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते १०५ सेंटीमीटरवर येतात, स्क्रीनचा मधला भाग तिथेच हवा. ५५ ची स्क्रीन ६८ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे खालची कड जमिनीपासून २६ ते २८ इंच. बिल्डरच्या साडेपाच फुटांच्या नादी लागलात तर सासूबाईंची मान पुन्हा धरणार. मी पेपर चिकटवून ५५ च्या मापाचा, १२२ बाय ६८ सेंटीमीटरचा तुकडा केला होता आणि चार दिवस भिंतीवर ठेवला. आई रोज दिवाणावर बसून सांगायची, अजून थोडा खाली घे बाबू. दोनदा खाली घेतला. तुम्हीही करा, खर्च काहीच नाही.

मानेवाडा_भाऊ
वरच्या भाऊनं बरोबर सांगितलं, पण कूलरचं मी सांगतो कारण माझं नुकसान झालं हाय. आमचा टीव्ही कूलरच्या अगदी समोर होता, दोन उन्हाळे काही नाही झालं, तिसऱ्या उन्हाळ्यात स्क्रीनवर उभ्या रेषा. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून दाखवलं तं खालच्या जाळीवर पांढरा थर, बोरिंगच्या पाण्याचा क्षार, आन् पट्टीसारखी चपटी वायर जिथं बोर्डात जाते तिथं हिरवट गंज चढलेला. बोटानं पुसला तं बोट हिरवं झालं. वारंटी संपली होती, पॅनलची किंमत ऐकली तं नवीनच टीव्ही घ्या असं झालं. कूलरच्या हवेत नुसता गारवा नसते, पाण्याचे बारीक थेंबही असतात न. तुमच्या उत्तरेच्या भिंतीवरून हवा बाजूनं निघून जाईल, तरी कूलरच्या पट्ट्या सोफ्याकडं वळवून ठेवा आन् टीव्ही खिडकीपासून चार-पाच फूट आत घ्या. दार उघडं ठेवा, नाही तं सगळी ओल खोलीतच फिरते.

आन् उन्हाचं पण पाहा. मॅन्युअलमध्ये बहुतेक टीव्हींना ४० डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असते, आपल्या इथं २३ मे २०१३ ला ४७.९ गेला होता पारा. खोली थंड असली तं चिंता नाही, पण प्लायवूडच्या चौकटीत टीव्ही दाबून बसवू नका, मागं आन् वर चार बोटं जागा सोडा. ते सुतार लोक दिसायला छान म्हणून फिट्ट करून देतात, गरम हवा जाणार कुठं?

नंदनवन_वायरमन
माझं कामच हे आहे म्हणून लिहितो. स्क्रू मारायच्या आधी भिंत कशाची ते बघा. नवीन स्कीममध्ये एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) खूप वापरतात, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं आणि पांढुरकी भुकटी पडते. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी खुंटी) ठोकली तर हलते. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर येतात तेच मागा, आणि ड्रिल हॅमरवर न ठेवता मारायला सांगा, नाहीतर भोक मोठं होतं. फ्लाय अॅश (कोळशाच्या राखेच्या) विटेत राखाडी भुकटी येते आणि जोर लागतो, तिथे चांगली गिट्टी चालते. ५५ चा टीव्ही साधारण १५ किलोच्या आसपास असतो, तसा जास्त नाही. फुकट फिटिंगवाला घाईत असतो, त्याच्या पिशवीत असतील तेच अँकर तो मारतो, म्हणून आपले आणून ठेवा. नवीन पॉइंटसाठी भिंत फोडायची गरज नाही, खालून स्कर्टिंगच्या वर केसिंग पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी) घ्या, रंग मारला की दिसत नाही.

स्टॅबिलायझरच्या मागे लागू नका. टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमीजास्त तो स्वतः सांभाळतो. अर्थिंग मात्र तपासा. आणि जूनमध्ये कडकडाट सुरू झाला की प्लगसोबत सेट टॉप बॉक्सची केबल आणि इंटरनेटची वायरही काढा, मी पाहिलेले कितीतरी टीव्ही प्लग काढलेला असूनही त्या वायरीने गेले.

बेसाकर_ताई
सगळ्यांचे खूप खूप आभार! आता एक अडचण, दीर म्हणतो वरचे पैसे मी टाकतो, ओएलईडी घ्या. घ्यावा का?

त्रिमूर्तीनगर_२२
ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून चित्र त्याचं सुंदरच असतं, काळं म्हणजे अगदी काळं, आणि कडेला बसलं तरी रंग फिके पडत नाहीत. पण सासरे दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावतात म्हणालात. तो लोगो आणि खालची लाल पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर काही वर्षांनी तिथे कायमचा डाग उमटू शकतो. तुमच्या घराला मी नाही म्हणेन. साधा एलईडी किंवा क्यूएलईडीच (दोन्हीत उजेड पॅनलच्या मागून येतो) घ्या, पण कडेने बघा. यांच्या पॅनलचे दोन प्रकार, आयपीएस आणि व्हीए: आयपीएस पॅनल बाजूने चांगलं दिसतं, व्हीए समोरून जास्त गडद दिसतं आणि बाजूने धुतल्यासारखं. दुकानात विविड (भडक रंगांचा) मोड बंद करून स्टँडर्ड करायला लावा, पेनड्राइव्हवर घरच्या लग्नाचा व्हिडिओ न्या आणि सासूबाई बसतील त्या कोनातून चेहरे बघा. आणि किंमत विचारताना लक्षात ठेवा, ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुनी किंमत दाखवून डिस्काउंट सांगत असतील तर नवी एमआरपी बघा.

बेसाकर_ताई
काल पेपर चिकटवला, उत्तरेच्या भिंतीवर, खालची कड २७ इंचावर. सासूबाई अर्धा तास दिवाणावर बसल्या, म्हणाल्या मान सरळ राहते. मिस्टरांना ५५ छोटा वाटला होता, सोफ्यावर बसून बघितल्यावर तेच म्हणाले हाच घेऊ. भिंत ब्लॉकचीच निघाली, अँकर आजच आणले. रविवारी सासूबाईंना घेऊन बर्डीला जातो, लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला आहे.